दुधाची क्षिप्रा आणि चोवीस कोटी दाम

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त माळवा सुभ्याच्या वाट्याला फार जागा आलेली नाही. आधी थोडे वर्णन, मग परगण्यांचे तक्ते, मग या मुलखावर राज्य करून गेलेल्यांची नामावळी. या भागाचे जॅरेटने केलेले इंग्रजी भाषांतर १८९१ साली निघाले, आणि तेव्हापासून त्याचे दोन प्रकारचे वाचक झाले. अभ्यासक तक्त्यांकडे जातात. मोरलंडने १९२० साली या आकड्यांवर अकबराच्या अखेरच्या काळातला हिंदुस्थान उभा केला. शिरीन मूसवींनी १९८७ साली तेच आकडे घासूनपुसून सबंध साम्राज्याचा हिशेब नव्याने मांडला. आमच्या उज्जैनचे अभिमानी लोक मात्र वर्णनाकडे जातात, आणि तेही एकाच ठिकाणी, क्षिप्रेला दुधाच्या लाटा येतात तिथे. दोघेही आपापले उचलतात आणि उरलेले टाकून देतात. पण हा मजकूर सलग वाचावा असाच लिहिला आहे. त्यातली फुले आणि त्यातले दाम एकाच माणसाने, एकाच हेतूने मांडले आहेत. ती दोन्ही एकमेकांना कुठे दुजोरा देतात आणि कुठे उघडे पाडतात हे पाहण्यात या पानांची खरी गोडी आहे.

मी हे फ्रीगंजात बसून लिहितो आहे. जुने उज्जैन रेल्वेच्या पश्चिमेला, नदीकडे कललेले. फ्रीगंज पूर्वेला, शिंदे सरकारच्या अमदानीत सरळ रस्ते आखून वसलेले, कागदोपत्री माधवनगर. टॉवर चौकात उभे राहिले की महाकाळ दिसत नाही, क्षिप्राही दिसत नाही. दिसतात ती कापडाची, दागिन्यांची, खाण्याची दुकाने. अबुल फजल वाचायला मला ही जागा घाटापेक्षा बरी वाटते. घाटावर बसले की दुधाची ती एक ओळ बाकीच्या सगळ्या ओळींना झाकून टाकते.

सुरुवात मोजमापाने होते. गढ्यापासून बांसवाड्यापर्यंत २४५ कोस लांबी, चंदेरीपासून नंदुरबारपर्यंत २३० कोस रुंदी. मराठी वाचक इथे थबकतो: नंदुरबार माळव्यात? होय, अकबराच्या दप्तरी नंदुरबार हे माळवा सुभ्याच्या बारा सरकारांपैकी एक होते. मग नद्या येतात, नर्मदा, क्षिप्रा, काळी सिंध, बेतवा. आणि त्यांच्यामागून ते प्रसिद्ध निसर्गवर्णन. दर दोन-तीन कोसांवर निर्मळ ओढा, काठाला आपसूक वाढलेली बेदची (विलोची) झाडे, सुंबुल आणि नाना रंगांची सुवासिक फुले, दाट सावल्या, तळी, हिरवी कुरणे, परीकथेतले वाटावेत असे वाडे.

पहिल्या वाचनात माणूस म्हणतो, झाले, शिराझ आणि हेरातची बाग उचलून माळव्यात आणून लावली. सुंबुल म्हणजे फारसी कवितेतल्या प्रेयसीचे कुरळे केस. त्याचा आणि आमच्या काळ्या मातीचा काय संबंध? सुंबुलाबद्दलचा हा संशय मी अजून सोडलेला नाही. पण बेदच्या बाबतीत अबुल फजलला इतक्या सहज कवीच्या रांगेत बसवता येत नाही. बेदच्या कुळातले एक झाड आपल्याकडच्या ओढ्याकाठी खरोखरच उगवते. मराठीत त्याला वाळुंज म्हणतात, आणि महाराष्ट्रात त्या नावाची गावेसुद्धा आहेत. म्हणजे संकेत आहे, पण संकेताच्या आड पाहिलेले झाडही असू शकते. असाच प्रकार पुढे मांडूच्या वर्णनात होतो. तिथली चिंच नारळाएवढी होते आणि तिचा गर पांढराशुभ्र असतो, असे तो लिहितो. ही अतिशयोक्ती वाटावी, तर मांडूला गेलेला कुणीही सांगेल की रस्त्याकडेला आजही ते फळ ‘मांडूची इमली’ म्हणून विकायला असते. ती गोरखचिंच, मूळची आफ्रिकेतली. अबुल फजलकडे बातमी आणणारी माणसे चोख होती आणि आलेली बातमी त्याने सजवली, मोडली नाही. त्याच्या गद्यावर विश्वास किती ठेवायचा याचे उत्तर मला या दोन झाडांत मिळते.

त्यानंतरचे वाक्य हवेबद्दल आहे. हिवाळ्यात गरम कपड्यांची फारशी गरज नाही, उन्हाळ्यात सोऱ्याने पाणी गार करण्याचीही नाही. दुसऱ्या कुणी ‘हवा समशीतोष्ण’ एवढे म्हणून सोडले असते. याने हवा खर्चात मोजली. आईनच्या पहिल्या भागात बादशाही आबदारखान्याचे प्रकरण आहे. बंदुकीच्या दारूत भडकणारा सोरा पाणी गार करायला कसा वापरतात, ते तिथे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. तो सोरा इथे परत येतो, पण वाचलेला खर्च म्हणून. मुलखाचे सुख दरबाराच्या जमाखर्चात मोजण्याची ही सवय एकदा ध्यानात आली, की पुढचे सारे वर्णन निराळे दिसू लागते.

जमीन जरा उंचावर, आणि सगळी लागवडीजोगी. दोन्ही हंगाम उत्तम. त्यातही गहू, खसखस, ऊस, आंबे, खरबुजे, द्राक्षे. हासिलपुरात द्राक्षवेल वर्षातून दोनदा फळते. विड्याचे पान चांगले. कापडाचा पोत उंची. या यादीला एक क्रम आहे आणि तो भुकेचा नाही. ज्वारी त्यात नाही, हरभरा नाही, कोदो-कुटकी नाही. माळव्यातल्या कष्टकऱ्याचे पोट ज्यावर भरत होते ते धान्य वर्णनातून गायब आहे. आहे ते विकले जाणारे, भेट म्हणून पाठवता येणारे, आणि रोकड सारा देणारे. दर बिघ्याला किती सारा हे आईनमध्ये पिकवार ठरलेले आहे, आणि ऊस, अफू यांसारख्या पिकांचे दर गव्हापेक्षा चढे आहेत. तेव्हा खसखशीच्या शेताचे कौतुक करताना लेखकाच्या डोळ्यांसमोर फुलांबरोबर दरपत्रकही असणार. आता या शिवारात खरिपाला सोयाबीन पसरते आणि माळव्यातली सरकारी परवान्याची अफू मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात होते. गहू मात्र अजून आपल्या जागी आहे. मालवी गव्हाचा तोरा फ्रीगंजच्या किराणा दुकानात आजही ऐकू येतो.

इथपर्यंत सगळे गोडच गोड. मग एकाएकी दोन वाक्ये येतात आणि आवाज बदलतो.

पहिले वाक्य: इथे लहानथोर सगळेच आपल्या मुलांना तीन वर्षांचे होईपर्यंत अफू देतात. ना निंदा ना स्तुती. याआधी ओढ्यांवर आणि कुरणांवर विशेषणांची खैरात करणाऱ्या लेखकाने इथे एकही विशेषण खर्च केलेले नाही. अफूचे पीक उदंड होते याला दुसऱ्यांचीही साक्ष आहे. १६१० च्या सुमारास सुरतेहून आग्र्याला चाललेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच उज्जैनबद्दल जे थोडके लिहितो त्यात सुपीक माती आणि भरपूर अफू हेच आहे. पण ‘लहानथोर सगळेच’ या शब्दांनी मी अडतो. थोरांच्या घरी दाई असते. तिथे अफू ही रीत झाली. लहानांच्या घरी ती गरज असते. पोर निजल्याशिवाय बाई शेतावर जाणार कशी? खुद्द अफूचे पीकच असे, की बोंडांना चीर द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चीक खरवडून गोळा करायचा. त्याला हात लागतात ते थोड्या दिवसांत आणि पुष्कळ. अबुल फजल कारण सांगत नाही. पण माळव्याच्या या सबंध वर्णनात कामावर जाणारी बाई कुठे असलीच, तर ती या एका वाक्यात, नाव न घेता आहे. विसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आयाही अफूची बाळगोळी देऊन पोरे निजवत. काम बदलले, गोळी तीच राहिली.

दुसरे वाक्य: इथला शेतकरीच काय, धान्याचा व्यापारीसुद्धा हत्याराशिवाय राहत नाही.

या वाक्यावर मी फिदा आहे. एवढ्या स्वस्थ, सावलीदार, द्राक्षवेलींच्या मुलखात वाण्याला कमरेला हत्यार कशाला हवे? लेखक थांबत नाही, खुलासा करत नाही. लगेच उज्जैन शहराकडे वळतो. खुलासा आहे, पण पुष्कळ पुढे, आकड्यांत. वर्णन वाचून तक्ता टाळणाऱ्याला तो मिळतच नाही.

म्हणून तक्ता वाचायचा. सुभ्यात सरकारे १२, परगणे ३०१. मोजलेली जमीन ४२,६६,२२१ बिघे आणि ६ बिस्वे. जमा २४,०६,९५,०५२ दाम. त्यापैकी सयूरघाल, म्हणजे विद्वान आणि धार्मिक माणसांना दिलेला माफीचा वाटा, ११,५०,४३३ दाम. स्वार २९,६६८, पायदळ ४,७०,३६१, हत्ती ९०.

रसग्रहणात आकडे आले की वाचक पान उलटतो हे मला ठाऊक आहे. पण हे आकडेही लेखनच आहेत आणि त्यांना शैली आहे. त्या ६ बिस्व्यांकडेच पाहा. बिस्वा म्हणजे बिघ्याचा विसावा हिस्सा. २४५ कोस लांबीचा मुलूख, त्यात डोंगर, भिल्लांचे रान, गोंडांची अरण्ये, आणि त्याचा हिशेब येतो ६ बिस्व्यांवर! हा नेमकेपणा खरा की दिखाऊ? थोडा दोन्ही. दोरी पावसात आखडते, उन्हात सैल पडते आणि त्यात रयतेशी लबाडी होते, म्हणून अकबराच्या दप्तराने तागाच्या दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूची जरीब आणली. पुढे इलाही गज ठरला. ६० गज लांब आणि ६० गज रुंद तुकडा म्हणजे बिघा. १५८० साली तोडरमलच्या दहसाला बंदोबस्तात दहा वर्षांच्या उत्पन्नाची आणि भावांची सरासरी काढून सारा ठरला, साधारण पिकाच्या तिसऱ्या हिश्शाचा, आणि तो दामांत मांडला. त्या सगळ्या खटाटोपाचा अभिमान या ६ बिस्व्यांत आहे. पण प्रामाणिकपणाही आहे, कारण अबुल फजल जमीन ‘मोजलेली’ म्हणतो, ‘सगळी’ म्हणत नाही. माळव्याचा किती तरी भाग जरिबेखाली आलाच नव्हता. आणि जमा म्हणजे वसूल नव्हे, हे मोडी दप्तरांवर वाढलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. जमा ही मागणी. वसूल आणि बाकी हे खाने निराळे, आणि ते आईनमध्ये नाहीत.

दाम हे तांब्याचे नाणे, वजन सुमारे २१ ग्रॅम. ४० दामांचा एक रुपया. तेव्हा माळव्याची जमा साठ लाख रुपयांच्या थोडी वर. आईनमध्येच इतरत्र मजुरीचे आणि जिनसांचे दर आहेत, ते राजधानीचे. साध्या मजुराला दिवसाला २ दाम. गहू १२ दामांना एक मण, आणि अकबरी मण आपल्या सुमारे २५ किलोंचा. आता हे दर मनात ठेवून त्या पायदळाकडे पाहा. २४ कोटी ६ लाख दाम आणि ४,७०,३६१ माणसे. सुभ्याची सगळी जमा, बादशहाला आणि मनसबदारांना एक दामही न देता, या माणसांत वाटून टाकली, तर दरडोई सुमारे ५१२ दाम येतात. सगळ्यांत खालचा मजूर रोज दोन दामांनी राबला तर वर्षात ७३० मिळवतो. म्हणजे अख्खा माळवा रिकामा केला तरी या पायदळाला मजुराचा पगारसुद्धा देता येत नाही.

मग हे लोक खात होते कुणाचे? आपलेच. हे पगारी शिपाई नव्हेत. जमीनदाराच्या हाकेला जमणारी ही त्याच्या भाऊबंदांची, कुळांची, गावकऱ्यांची गर्दी; नांगर सोडून भाला घेणारी आणि भाला ठेवून पुन्हा नांगर धरणारी. तक्त्यात परगण्यापुढे जमीनदारांच्या जातीचा खाना आहे तो उगीच नाही. सगळ्या साम्राज्यात असे जमीनदारी दळ ४४ लाखांवर असल्याचे अबुल फजल सांगतो; त्याचा दहावा हिस्सा एकट्या माळव्यात. हत्यारबंद शेतकरी आणि हत्यारबंद वाणी या ओळीचा खुलासा हा आहे. वर्णनात ती ओळ लोकांची गमतीची लकब वाटते. तक्त्यात ती राज्याची अडचण होते. हे हत्यार चोराविरुद्ध जितके होते तितकेच सारा मागायला आलेल्या अंमलदाराविरुद्धही असणार. तिसरा हिस्सा ठरवणे सोपे, हातात भाला असलेल्याकडून तो घेणे निराळे.

अंमलगुजाराने, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या अंमलदाराने, कसे वागावे याची नसीहत आईनमध्ये आहे आणि ती सुंदर आहे: त्याने शेतकऱ्याचा मित्र व्हावे, अडलेल्याला तगाई द्यावी, ती सवडीने परत घ्यावी, पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला उत्तेजन द्यावे. याच दरबारात बसून, याच काळात, बदायूनी चोरून आपला इतिहास लिहीत होता. १५७५ च्या सुमारास नेमलेल्या करोडी अंमलदारांच्या जुलमाने रयतेवर बायकापोरे विकायची पाळी आली, असे तो लिहितो. बदायूनीच्या पोटात अबुल फजलबद्दल मत्सर होता हे सोडून द्या. मत्सरी माणसालाही दिसते. आईन वाचताना शेजारी बदायूनी उघडा ठेवावा, एवढेच मी म्हणेन.

याच ग्रंथात अकबराने माफ केलेल्या किरकोळ करांची एक लांबलचक यादी आहे. बैलांवरचा कर, झाडांवरचा, बाजाराचा, दलालीचा, नाणी पारखण्याचा, गुरांच्या विक्रीचा, घोंगड्यांवरचा, तेलावरचा, कच्च्या चामड्याचा, घराच्या खरेदी-विक्रीचा, मासे धरण्याचा, चुन्याचा. माफीचे पुण्य नोंदवण्यासाठी केलेली ही यादी रयतेवर आधी काय काय लादलेले होते त्याची उत्तम साक्ष आहे. इतकी बारीक साक्ष एखाद्या तक्रारअर्जातही सापडणार नाही. नावातच ‘फ्री’ असलेल्या गंजात बसून, जीएसटीचे बिल पुस्तकात खुणेला घालून, ती वाचायला मजा येते.

सयूरघालाचा आकडाही वर्णनाशेजारी ठेवून पाहावा. एकूण जमेच्या तो शेकडा अर्धासुद्धा भरत नाही. आणि उज्जैनच्या आसपास हिंदूंची ३६० पूजास्थाने असल्याचे अबुल फजलच सांगतो. तेव्हा या देवस्थानांची चूल बादशाही माफीवर पेटत नव्हती हे उघड आहे. ती यात्रेकरूंवर, सावकारांवर, जमीनदारांवर आणि गावोगावच्या वाट्यावर पेटत असणार. तीर्थ ही एक पेठ होती. पण त्या पेठेला आईनच्या तक्त्यात खाना नाही.

याच प्रकरणात मांडूच्या परिसाची गोष्ट आहे, ती मी आटोपती सांगतो. एका गवत कापणाऱ्याचा विळा दगडाला लागून सोन्याचा झाला. तो त्याने मंडन लोहाराकडे नेला. लोहाराने परीस ओळखला आणि राजाला दिला. राजाने त्यातून किल्ला बांधला. शेवटी नर्मदेकाठी राजाने तो दगड आपल्या पुरोहिताला दान दिला. दगडच हाती आला म्हणून चिडून पुरोहिताने तो नदीत भिरकावला, आणि कळल्यावर जन्मभर हळहळला. जरीब, बिस्वे आणि दाम यांच्या शेजारी ही कथा ऐटीत बसली आहे. तिच्यात सोने अपघाताने येते आणि अडाणीपणाने जाते. तक्त्यात ते दरसाल बिघ्याबिघ्याने येते. अबुल फजलने तुलना केलेली नाही. त्याने दोन्ही एकाच प्रकरणात ठेवले, इतके मला पुरते.

आता दुधाकडे. उज्जैन क्षिप्रेकाठचे मोठे शहर, फार पवित्र मानलेले. आणि नवल असे की कधी कधी या नदीला दुधाच्या लाटा येतात. लोक भांडी भरून नेतात. असे झाले की राज्य करणाऱ्या बादशहाचे भाग्य उजळते. पुढे तो स्वतःची साक्ष जोडतो. अकबराच्या इलाही सन ४३ मध्ये बादशहाच्या हुकमाने आपण दख्खनकडे निघालो असता, उज्जैनला पोचण्याच्या आठवडाभर आधी, फरवर्दीन महिन्याच्या १६ तारखेला, रात्रीच्या चार घटका झाल्यावर हा प्रवाह आला, आणि हिंदू-मुसलमान सगळ्यांनी ते दूध घेतले.

ग्रंथ जवळजवळ पुरा होत आला असताना घातलेली ही ताजी नोंद आहे, आणि या प्रकरणातला तो एकच क्षण जिथे लेखक स्वतः प्रवासी म्हणून दिसतो. पण बघा, चमत्काराच्या वेळी तो हजर नव्हता. आठवडाभराने पोचला. म्हणजे ही ऐकीव गोष्ट. आणि ऐकीव गोष्टीला त्याने वर्ष, महिना, तारीख आणि घटका जोडल्या, वाण्याच्या वहीत उधारी मांडावी तशा. चमत्काराचा रस बहुतेक लेखक धूसरपणात शोधतात. याने तो तपशिलात शोधला, आणि मग ती रक्कम बादशहाच्या नावे जमा केली: दूध आले, भाग्य उजळले. गव्हाचा तिसरा हिस्सा जिथे जातो तिथेच क्षिप्रेचा चमत्कारही जातो. मला हे वाक्य या मजकुराचे शिखर वाटते, कारण फुले आणि दाम यांच्यातला सांधा इथे पूर्ण बुजतो. भाबडेपणाही नाही, लबाडीही नाही. ज्याचे सगळे जग एका धन्याच्या खात्यावर चढते, अशा बुद्धिमान माणसाची ही मनापासूनची रीत आहे. हिंदू-मुसलमान दोघांनी दूध घेतले, हा तपशीलही त्याच खात्यातला. सुल्ह-ए-कुलचा, सर्वांशी सलोख्याचा, पुरस्कर्ता तो कसा सोडील?

आज क्षिप्रेला बाराही महिने स्वतःचे पाणी नसते. २०१४ साली नर्मदा-क्षिप्रा जोडणी झाली आणि नर्मदेचे पाणी पंपांनी चढवून तिच्या उगमाकडे सोडले जाऊ लागले. सिंहस्थाचे स्नान त्या पाण्यात होते. आईनमध्ये या दोन नद्या एका वाक्यात शेजारी आहेत; विजेच्या बिलाने त्यांना एका पात्रात आणले.

दुधानंतर कालियादह. शहराजवळची रमणीय जागा. एक कुंड, सतत ओसंडणारे तरी सदा भरलेले. भोवती देखण्या वास्तू, गेलेल्या काळाच्या खुणा. कालियादहचे नाव माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याच्याशी जोडले जाते, पण इथे बांधणाऱ्याचे नाव नाही. जिंकलेल्या राज्याची कारागिरी आवडली, तर तिला नुसते ‘गेला काळ’ म्हणायचे, हा विजेत्याचा शिष्टाचार. त्या कुंडाच्या ओळीवर मात्र माझा जीव आहे. सतत वाहते आणि तरी रिते होत नाही: बादशाही खजिन्याचे याहून सुंदर चित्र त्याने साऱ्या आईनमध्ये काढलेले नाही, आणि इथे तो खजिन्याबद्दल बोलतही नाही.

अकबराच्या दप्तराची ही व्यवस्था पुढे आपल्याच लोकांच्या, मराठ्यांच्या, हाती आली. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने सुभेदार गिरधर बहादुरला मारले. १७४१ साली बादशाही फर्मानाने माळवा पेशव्यांकडे रीतसर आला, आणि तोवर उज्जैन राणोजी शिंद्यांचे ठाणे झाले होते. मधली बारा-तेरा वर्षे कशात गेली ते स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी पेशवे दप्तराच्या आधारे दाखवले आहे: लढायांपेक्षा जास्त करारांत, हप्त्यांत, कमाविसदारांच्या मुक्कामांत आणि गढ्यांमधल्या जमीनदारांशी घातलेल्या वादांत. परगणे तेच, कानुंगो-चौधरी बव्हंशी तेच, आणि ते हत्यारबंद शेतकरीही तेच. आईनच्या शेवटच्या खान्यातले पायदळ मराठ्यांनाही भेटले. त्यांनीही त्याला पुरते मोडले नाही. त्याच्याशी बोलणी केली, कधी कौल दिला, कधी गढी पाडली. या मुलखाचे राज्यकर्ते तोडरमलाच्या बांबूपेक्षा त्या भाल्याला बिचकून होते, असा माझा ग्रह आहे. इतिहासकार त्याला किती मान देतील तो देवोत.

अबुल फजल उज्जैनला पुन्हा आला तो १६०२ च्या पावसाळ्यात. असीरगड घेऊन झाला होता, शहजादा सलीमने बंड मांडले होते आणि अकबराने आपल्या विश्वासू माणसाला दख्खनहून तातडीने बोलावले होते. उज्जैनमध्ये त्याला खबर मिळाली की वीरसिंह बुंदेला वाटेवर दबा धरून आहे. सोबतच्यांनी दुसऱ्या रस्त्याने चला म्हणून विनवले. दरबाराकडे निघालेल्या माणसाला लुटारू काय अडवणार, असे म्हणून तो नरवरच्याच वाटेने गेला. या मुलखात धान्याचा व्यापारीही हत्याराशिवाय हिंडत नाही हे त्यानेच लिहून ठेवले होते. १२ ऑगस्ट १६०२ रोजी सराय बरारजवळ बुंदेल्यांनी त्याला गाठून मारले आणि त्याचे मस्तक सलीमकडे अलाहाबादला धाडले. धड ग्वाल्हेरजवळ आंतरीला पुरले आहे. सलीम जहांगीर झाल्यावर त्याने आत्मवृत्तात ही गोष्ट लपवली नाही. वीरसिंहाला तीन हजारी मनसब मिळाली, आणि ओरछ्याची गादीही.